वास न्हाय

माझं नाक हे कराडच्या मंडईजवळचं एक प्रसिद्ध ठिकाण होतं. पत्ता सांगताना लोक म्हणायचे, "बापूंच्या नाकावरून सरळ जा, पुढचं दुसरं घर." हे मी वाढवून सांगतोय असं आमच्या मंडळींचं म्हणणं आहे. मंडळी म्हणजे माझी बायको मालन. लग्न झाल्यापासून तिनं माझी प्रत्येक गोष्ट निम्म्यावर आणून ठेवली आहे. तुम्हीही ठेवा. निम्म्यावर आणलं तरी चारचौघांना पुरून उरेल एवढं नाक शिल्लक राहतं.

धंदा मिरची कांडपाचा आणि कांदा-लसूण चटणीचा. खोबरं-धणे भाजायला कढई चढली की मी तिच्याकडे पाठ करून पेपर वाचत बसायचो आणि वासावरून सांगायचो, "उतरवा." एकदा कृष्णेच्या पलीकडच्या काठावर कुणाचा तरी लसूण करपायला आलाय हे मी अलीकडून सांगितलं होतं, आणि सांगायला माणूस पोचेपर्यंत तो करपलाही. मालन म्हणते वारा तिकडून होता. असेल. नाक तर माझं होतं ना.

गेल्या पावसाळ्यात तापाची साथ आली. ताप गेला, सर्दी गेली, आणि जाताना नाक घेऊन गेली. म्हणजे वरचा सांगाडा ठेवला, आतलं सामान नेलं. मला कळलं तेही दुसऱ्यांकडून. मी पेपर वाचत होतो आणि कामाच्या बायका तोंडाला पदर लावून रस्त्यावर पळाल्या. "बापू, खोबऱ्याचा कोळसा झाला की." मी म्हटलं, चेष्टा करता काय? मागं वळून बघितलं तर धुरात कढई दिसत नव्हती.

त्या दिवसापासून जेवणातली मजा गेली. श्रीखंड म्हणजे गोड चुना. मटणाचा रस्सा म्हणजे नुसतं गरम पाणी आणि जिभेला चटका. माझी स्वतःची चटणी मी खाल्ली आणि ती कुणाची आहे ते मला ओळखू येईना.

थंडी पडल्यावर पुतणीचा, सुजाताचा, मिरा रोडहून फोन आला. भाईंदरला नाक-कान-घशाच्या एक डॉक्टर आहेत, वास गेलेल्या लोकांवर अभ्यास करताहेत, या निघून. लोक देव बघायला जातात, समुद्र बघायला जातात. मी नाक शोधायला मिरा-भाईंदरला गेलो.

पूनम सागर

सुजाताचं घर पूनम सागरमध्ये. इमारती इतक्या जवळ की समोरच्या घरातली फोडणी आपल्या घरातल्या भाजीला बसावी. एका मजल्यावर गुजराती, मारवाडी, मराठी आणि मल्याळी अशी चार दारं, आणि चारही घरं जिन्यात भेटली की हिंदी बोलतात. पूर्वीचा मी असतो तर दारात उभा राहून कुठल्या घरात काय शिजतंय ते चारही भाषांत सांगितलं असतं. आता जिना म्हणजे नुसता जिना होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुजाता म्हणाली, "काका, खाली मासळीवाली आलीय, चला." गेटपाशी हिराबाय बसली होती. चौकची, म्हणजे उत्तनकडच्या कोळीवाड्याची. काष्ट्याचं लुगडं, अंबाड्यावर अबोलीचा गजरा, पुढ्यात टोपलीभर ओले बोंबील, बाजूच्या फडक्यात सुके. सुजातानं विचारलं, "मौसी, ताजा है क्या?"

मी म्हटलं, "अगं, ती मराठी, तू मराठी. मध्ये ही हिंदी कोणाची?"

"सवय झाली काका."

शेजारच्या बाईंनी टोपलीवर वाकून विचारलं, "बास तो नहीं आ रही ना?"

"वास न्हाय," हिराबाय म्हणाली. "जरापन न्हाय."

बाई खूश. त्यांनी बोंबील घेतले. मागून आलेल्या दुसऱ्या बाईंनी सुके हातात घेऊन तेच विचारलं, आणि हिराबाय त्याच सुरात म्हणाली, "वास न्हाय, काय न्हाय." सुक्या बोंबलाला वास नाही असं सांगणारी बाई आयुष्यात पहिल्यांदाच बघत होतो. थापा मारणाऱ्याला दुसरा थापाड्या भेटला की जो आनंद होतो तो मला झाला.

मी म्हटलं, "मावशी, मलाही वास नाही."

"मावशी? तुजी आई माज्या वयाची हाय काय?" मग हातातला कोयता थांबवून तिनं माझ्याकडं बघितलं. "तुला पन न्हाय? किती दिस झालं?"

मला वाटलं, बाई रंगात आली. मी म्हटलं, "साडेतीनशे वर्षं झाली. अफझलखानाच्या छावणीतली बिर्याणी हा माझा शेवटचा वास."

ती हसली. सुजाताही हसली. हिराबायनं बोंबलाची डोकी उडवली, पोटं साफ केली, पिशवीत भरून दिले, आणि पुन्हा एकदा माझ्याकडं बघून म्हणाली, "बराच जुना हाय मग." मी खो खो हसलो.

दुपारी सुजातानं बोंबील रव्यात घोळवून तळले. आमच्याकडे मासा म्हणजे कोयनेचा, काट्याकाट्याशी भांडत खायचा. बोंबील तोंडात घातला तर दातांना काम नाही, विरघळूनच गेला. कुरकुरीत आणि मऊ, एवढंच कळलं. चवीची चौकशी मी सुजाताच्या नवऱ्याकडे केली. तो म्हणाला, "एक नंबर." मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून आणखी चार खाल्ले.

जेसल पार्क

डॉक्टर साळवेबाईंचा दवाखाना भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कात, खाडीच्या अंगाला. बाई लातूरकडच्या. बोलणं मऊ, नजर मात्र चिमट्यासारखी. त्यांनी माझ्या नाकात औषध फवारलं, बारीक दुर्बीण घातली आणि आतला मुलूख समोरच्या पडद्यावर दाखवला. स्वतःच्या नाकात आपण कधी जात नाही, म्हणून सांगतो : आत ओल्या गुलाबी गुहा आहेत, आणि प्रवासाला जागा फार कमी आहे.

"वाट मोकळी आहे काका," बाई म्हणाल्या. "वर छताशी वासाची नस असते. तापानं तिला मार बसलाय."

मग परीक्षा. एकेक बाटली नाकाखाली धरायची आणि कशाचा वास ते सांगायचं. नाही आला तर नाही म्हणायचं. आता, ज्या माणसाच्या नाकावरून पत्ते सांगितले जातात त्यानं "नाही" कसं म्हणावं? मी डोळ्यांनी काम काढलं. पिवळसर दिसलं, "लिंबू". तपकिरी दिसलं, "लवंग". बाई लिहून घेत होत्या. शेवटच्या बाटलीत रंग नव्हता. मी डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणालो, "केवडा. पण जुना, मागच्या वर्षीचा."

"ते पाणी होतं," बाई म्हणाल्या. "काका, तुमचं तोंड उत्तम चालू आहे. आपल्याला नाकाचं बघायचंय. डोळ्यांना पट्टी बांधते, पुन्हा करू."

पट्टी बांधल्यावर मी खरं बोललो. एकही वास आला नाही.

मग बाईंनी अभ्यास काय ते सांगितलं. नाकाला सराव द्यायचा. रोज सकाळ-संध्याकाळ ठरलेले चार वास हुंगायचे, कितीतरी महिने. काहींना नेहमीचे, म्हणजे गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. आणि काहींना त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातले. दुसऱ्यांना जास्त फायदा होतो का, हे बाईंना बघायचं होतं. कोण कुठल्या गटात हे संगणक ठरवणार. संगणकानं मला घरच्या वासांत टाकलं. मी म्हटलं, भाजलेलं खोबरं, लसूण, धणे. चौथा सुचेना. बाई म्हणाल्या, खाण्याचा नको, दुसरा सांगा. मी जरा घुटमळून म्हणालो, मालन डोक्याला माक्याचं तेल लावते त्याचा.

"छान," त्या म्हणाल्या. "नुसतं हुंगायचं नाही बरं का. हुंगताना तो वास आठवायचा. नाक विसरलंय, त्याला आठवण करून द्यायची."

"येईल परत?"

"सांगता येत नाही. कुणाचा येतो, कुणाचा अर्धा येतो, कुणाचा नाही. लवकर सुरू केलेलं बरं. म्हणून मी वास जाऊन वर्ष उलटलेलं असेल तर अभ्यासात घेतच नाही. जुनं आणि नवं मिसळलं तर कशानं फरक पडला ते मला कळणार नाही."

मी वेळेत होतो. उठताना बाई म्हणाल्या, "उद्या चौकला तपासणी आहे, कोळीवाड्यात. येता का? लोक दुर्बीण बघून पळतात. तुम्ही गप्पा मारल्यात तर बसतील तरी." माझ्या तोंडाचा वैद्यकशास्त्राला उपयोग झाल्याचं हे पहिलं उदाहरण. मी लगेच हो म्हटलं.

चौक

भाईंदर पश्चिमेहून बसनं निघालं की इमारती हळूहळू बसक्या होत जातात, मिठागरं लागतात, मग टेकडी, ताडाची झाडं, आणि एका वळणानंतर अचानक समुद्र. बसमध्ये मागच्या बाजूला रिकाम्या टोपल्या घेऊन कोळणी बसल्या होत्या. पुढच्या बाकावरच्या एका तरुणानं नाकाला रुमाल लावला होता. मागची एकजण दुसरीला म्हणाली, "बग, लगीन न्हाय झालं वाटतं अजून. नवरीवानी तोंड झाकलंय." सगळ्या हसल्या, पण रुमाल काही खाली आला नाही.

चौकला उतरलो तर किनाऱ्यावर बांबूंचे मांडव, आणि मांडवांवर बोंबीलच बोंबील. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोड्या दोरीवर टाकलेल्या, जणू समुद्रानं आपले मोजे वाळत घातलेत. आमच्या छपरावर मिरची वाळत पडते तेव्हा शेजारचे खोकून खोकून तक्रारी करतात. इथं सगळा गाव त्या वाळवणात उभा होता. मागून स्वतःच्या गाडीनं आलेल्या डॉक्टरीणबाईंनी उतरताच दीर्घ श्वास घेतला आणि पुढचा श्वास बेतानं घेतला. मी त्या हवेत अगदी काश्मीरला आल्यासारखा उभा होतो.

देवळाशेजारच्या सभागृहात बायका जमल्या होत्या. बाईंची मदतनीस रेश्मा टेबलाशी बसली. एकेकीला विचारायचं, वास येतो का. नाही म्हणेल तिला पुढं डॉक्टरकडे पाठवायचं.

"मावशी, तुम्हाला वास येतो का?"

"न्हाय," पहिली म्हणाली, जरा तुटकपणे.

"तुम्हाला?"

"न्हाय गो बाय. काय इचारतं?"

"तुम्हाला वास येतो का?"

"न्हाय येत."

दहा-बारा जणी झाल्या. सगळ्या न्हाय. रेश्मा घाबरून डॉक्टरीणबाईंकडे बघायला लागली. बाईंच्या कपाळाला आठी पडली. अख्ख्या गावाचं नाक गेलं? समुद्राचं पाणी, जाळ्यांची औषधं, काय असेल काय नाही, असं त्या माझ्या कानाशी बोलायला लागल्या. मला तर वाटलं आता आपण जगभर गाजणार.

तेवढ्यात पुढच्या उंच बाईचा नंबर आला. तिनं प्रश्न पुरता ऐकलाही नाही.

"आमाला वास येतं काय? बसमदी लोक रुमाल लावतान ते कमी हाय? आता डॉक्टर पन घरी येऊन इचारतान? सकाली नाहून, गजरा मालून आलंय आमी. ये, हुंग. हुंग ना."

आणि तिनं डोकं रेश्माच्या पुढ्यात धरलं.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. अहो, आपल्या मराठीत माणसाला वास येतो आणि माशालाही वास येतो. दोन्हीकडे एकच 'ला'. एकाला कळतो, दुसऱ्याला सुटतो. कराडला कुणाला असं विचारलं तर तो नाक पुढं करेल. जिला जन्मभर लोकांनी नाक मुरडूनच तो शब्द ऐकवलाय ती काय करेल? ती अंग चोरून न्हायच म्हणणार.

मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला, उठल्या, आणि हात जोडून सगळ्यांची माफी मागितली. मग म्हणाल्या, "माझं विचारायचं चुकलं. असं सांगा. चुलीवर दूध करपलं आणि तुम्ही बाहेर अंगणात असलात, तर नाकाला कळतं का?"

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. "कलतं तर. शेजारनीनं कालवनात चिंच टाकली ते पन कलतं." "हिला तर शेजारनीचा नवरा पिऊन आला ते पन कलतं." सभागृहात हशा. गावाचं नाक शाबूत होतं. आमची जगभरची कीर्ती जागच्या जागी बुडाली.

त्या हशातच खांबाला टेकून बसलेली एकजण म्हणाली, "न्हाय."

ती हिराबाय होती.

बायका अजूनच हसल्या. तिच्या शेजारी तिची सून, संगीता, बसली होती. तिनं सासूच्या हातावर हात ठेवून सांगितलं, "आई, आता इचारतान ते दुसरं हाय. नाकाला कलतं काय, असं इचारतान."

"मना समजलं," हिराबाय म्हणाली. "न्हाय कलत."

"पन तू तर..." उंच बाई म्हणाली आणि थांबली.

"रोज बोलतंय ना मी. वास न्हाय, वास न्हाय. गिऱ्हाईक खूश होतं, आनि मी पन खोटं न्हाय बोलत."

माझ्याकडं बघून ती किंचित हसली. गेटपाशी तिनं मला काय विचारलं होतं ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तुला पन न्हाय, किती दिस झालं, असं तिनं विचारलं होतं.

"घरात नाही सांगितलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सांगितलं की. पोराला. तो बोलला, बरं झालं, म्हावरं इकनारीला आजून काय पायजे."

"आणि मासळी ताजी आहे ते कसं ओळखता?"

"डोला बगतंय. बोटानं दाबतंय. त्याला काय नाक पायजे?"

"मावशी, कधीपासून?"

हिराबायनं हनुवटीनं दाराकडं दाखवलं. दारात शाळेच्या गणवेशातला एक पोरगा बुटाच्या नाडीशी झगडत उभा होता. तिचा नातू. "हा व्हायच्या आदी. संगीता पोटुशी होती, तवा ताप आला मना."

संगीताचा चेहरा उतरला. "आई, त्याला न्हाऊ घालून धुरी द्यायची तवा मी बोलायची, टालूला किती मस्त वास येतं, घ्या ना. तुमी घ्यायच्या, हसायच्या."

"मग काय रडू तुज्या बालंतपनात?"

आमच्याकडंही तेच असतं. तान्ह्याला तेल चोळायचं, गरम पाण्यानं न्हाऊ घालायचं, ओवा-वावडिंगाची धुरी द्यायची, आणि मग घरातल्या प्रत्येक बाईनं त्याच्या टाळूला नाक लावायचं. सगळ्या घरानं ओळीनं तो प्रसाद घेतलेला असतो. हिराबाय त्या ओळीत उभी राहिली होती आणि रिकाम्या हातानं परतली होती. ओळीतल्या कुणाला कळलंही नव्हतं.

पोरगा शाळेत जायला लागला होता. म्हणजे वर्ष कधीच उलटून गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते शब्दात सांगितलं नाही, पण त्यांच्या हातातलं पेन टेबलावर आडवं झालं.

मग त्या म्हणाल्या, "एक शक्यता आहे. कधीकधी नाकात मांस वाढतं आणि वाट बंद होते. तसं असेल तर औषधानं, नाहीतर काढून टाकून, वास येऊ शकतो. उद्या दवाखान्यात या, दुर्बिणीनं बघू."

"येईल वास?"

"मांस असेल तर. आधी बघू."

पुन्हा जेसल पार्क

सकाळी मी भाईंदरला थांबून हिराबायला बसवरून घेतलं. ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. टोपली नसल्यामुळं हात कुठं ठेवावेत ते तिला सुचत नव्हतं. रिक्षात ती गप्प होती, आणि गप्प माणूस मला बघवत नाही.

मी म्हटलं, "हिराबाय, मांसच असणार. आमच्या कराडच्या एका तात्यांच्या नाकातून नारळाएवढं मांस निघालं. डॉक्टरला वाटलं दुसरं डोकंच आहे. दुसऱ्या दिवशी तात्यांना साताऱ्याचे कंदी पेढे घरबसल्या कळायला लागले."

"नारलाएवढं?" ती हसली. "नाक केवडं व्हतं त्याचं?"

"नाक त्या मानानं लहानच होतं. म्हणून तर डॉक्टर चकित."

हसता हसता ती थांबली. "मग मना पन कलेल? पोराचं?"

"कळेल म्हणजे काय. तुम्ही चौकला बसाल आणि तो शाळेत घामाघूम झालेला तुम्हाला तिथं कळेल."

तिनं मान डोलावली. माणसं देवाकडे काय काय मागतात. त्या दिवशी मी रिक्षात बसून, एका भल्या बाईच्या नाकात मांस वाढलेलं असू दे म्हणून भैरोबाला नारळ बोललो.

डॉक्टरीणबाईंनी फवारा मारला, थांबल्या, दुर्बीण घातली. एक नाकपुडी, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. पडद्यावर त्याच गुलाबी गुहा. मी मांस शोधत होतो. जिथं जरा काही फुगीर दिसे तिथं मी बोट दाखवी. बाई मान हलवत.

"मावशी, नाक स्वच्छ आहे," शेवटी त्या म्हणाल्या.

स्वच्छ हा शब्द इतका वाईट मी कधी ऐकला नव्हता.

"मांस न्हाय?"

"नाही."

"जरापन न्हाय?"

"नाही, मावशी. काकांसारखंच, तापानं नस गेलीय. पण खूप दिवस झाले. मी खोटी आशा लावत नाही. सराव करायला हरकत नाही, अभ्यासात नाव नसलं तरी मी बाटल्या देते. उपयोग होईल असं मात्र सांगत नाही."

हिराबायनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. "तुजा नारल फुटला रं," ती म्हणाली.

मी दोन्ही कान पकडले. सांगून ठेवतो, कारण मालनचा यावर विश्वास बसलेला नाही.

बाईंनी चार रिकाम्या बाटल्या पुढं मांडल्या. "कुठले वास भरायचे? तुमच्या ओळखीचे सांगा. हुंगताना आठवायचे असतात."

"सुका बोंबील. तो हाय ध्यानात. अबोलीला तर वासच न्हाय, मोगरा भर. खोबऱ्याचं तेल. हां, तो हाय." चौथ्या बाटलीशी ती अडली. हातात घेऊन तिनं ती फिरवली. "जो कवा घेतलाच न्हाय, तो कसा आठवायचा?"

बाईंनी ती बाटली तिच्या हातातून घेतली नाही. हिराबायनंच ती परत टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "तीन पुरे."

परत

निघायच्या दिवशी ती पूनम सागरच्या गेटपाशी होती. तिनं मला सुक्या बोंबलांचं पुडकं दिलं. "बायकोला दे. बोल, वास न्हाय."

एसटीत मी ते मांडीवर घेऊन बसलो. पनवेलपर्यंत आजूबाजूचे दोन बाक रिकामे झाले. घाटात कंडक्टर येऊन म्हणाला, "काका, तुम्हाला वास येतोय का?" मी खरं तेच सांगितलं, नाही. गाडी हसली. कुठल्या 'ला'ला हसली ते मी विचारलं नाही; अंग चोरून खिडकीबाहेर बघत बसलो.

मालननं पुडकं घरात घेतलं नाही. ते गच्चीवर, मिरचीच्या पलीकडं टांगलं. मी रोज सकाळी गच्चीवर बसून बाटल्या हुंगू लागलो. खोबरं, लसूण, धणे, तेल. काही नाही. खोबरं, लसूण, धणे, तेल. काही नाही. मालनचं तेल आठवायला बसलो की मला तिचं भांडणच आठवे. उन्हाळा आला, चटणीचा हंगाम आला. कढईशी मी दुसऱ्याचं नाक नेमलं होतं.

एका सकाळी तेलाची बाटली नाकाशी धरली आणि काहीतरी आलं. तेल नव्हे. कुबट, खारट, आडदांड. मी बाटली खाली ठेवली तरी येतच राहिलं. उठून त्याच्यामागं गेलो, मिरची तुडवत गेलो, आणि पुडक्याला नाक लावलं.

मालन वर आली तेव्हा मी बोंबील हुंगत उभा होतो आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते मिरचीचं होतं, असं मी तिला सांगितलं.

संध्याकाळी सुजाताला फोन लावून म्हटलं, गेटपाशी हिराबाय असेल तर तिच्या हातात दे. माझी गोष्ट तयार होती : गच्ची, बोंबील, पळालेली कावळ्यांची फौज. तिचा आवाज आल्यावर मी एवढंच म्हणालो, "हिराबाय, तुमच्या बोंबलाला वास आहे."

"हळू बोल," ती म्हणाली. "गिऱ्हाईक उभं हाय."

मग कोयता ठेवल्याचा आवाज आला. "खरंच आला तुला?"

"थोडा. तुम्हाला?"

"हुंगतंय. सकाल-संध्याकाल. न्हाय." मग म्हणाली, "परत येशील तवा एक काम कर. माज्या नातवाचं डोकं हुंग आनि मना सांग, कसा हाय ते. वाढवून नको सांगू."

तो पोरगा आता दुसरीत जाईल. दिवसभर रेतीत खेळतो. त्याच्या डोक्याला घाम, रेती आणि बोंबलाचा वास असणार, टाळूचा तो वास कधीच विरून गेला असणार. हे तिलाही ठाऊक असेल. मी हो म्हणालो.

पलीकडून कुणीतरी विचारलं, "मौसी, बास तो नहीं ना?"

"वास न्हाय," ती म्हणाली, आणि सुजाताला फोन परत दिला.